दुसरं टोक कुठे आहे?

भट्ट्यांचं तापमान मोजणाऱ्या उपकरणांची तपासणी हा माझा व्यवसाय. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, हीट ट्रीटमेंटची युनिटं यांतच उमेदीची वर्षं गेली. या कामाचं मूळ आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहे, म्हणून सुवर्णमहोत्सवी अंकात त्याविषयीच लिहितो.

नववीत विज्ञानाच्या सरांनी तांब्याची आणि कॉन्स्टंटनची (तांबं-निकेलच्या मिश्रधातूची) तार दोन्ही टोकांना पीळ देऊन जोडली आणि मध्ये गॅल्व्हानोमीटर बसवला. वेगवेगळ्या धातूंच्या तारांच्या अशा जोडीलाच थर्मोकपल म्हणतात. एक जोड स्पिरिटच्या दिव्यावर, दुसरा बर्फाच्या पेल्यात. बर्फ बारीक कुटलेला, साठलेलं पाणी सर सारखं ओतून टाकत. कारण बर्फ वर तरंगतो आणि तळाचं पाणी चार अंशांपर्यंत चढू शकतं. काटा सरकला. १८२१ साली सीबेक या शास्त्रज्ञाने हाच परिणाम पाहिला, पण तो त्याला चुंबकत्व समजला, हेही सरांनी सांगितलं. मग दिव्याला हात न लावता त्यांनी बर्फातला जोड काढून उकळत्या पाण्यात बुडवला. काटा मागे आला.

"ज्योत थंड झाली का रे?"

वर्ग गप्प.

"कळसूबाई १६४६ मीटर, पण कुठून? समुद्रसपाटीपासून. बारी गावातून निघालात तर तेवढं चढावं लागत नाही. थर्मोकपल फक्त फरक सांगतं. दुसरं टोक कुठे आहे, ते आधी विचारा."

कारखान्यात इंडिकेटरच्या पॅनेलजवळ बर्फाचा पेला कोण ठेवणार? के टाइपचा, म्हणजे भट्ट्यांवरच्या निकेल मिश्रधातूंच्या थर्मोकपलचा, मिलिव्होल्टवरून तापमान सांगणारा तक्ता मात्र दुसरं टोक शून्य अंशांवर धरूनच केलेला. भट्टी ८५० अंशांवर असेल तर तक्त्यात ३५.३१३ मिलिव्होल्ट. पॅनेलमधलं टर्मिनल, म्हणजे इथलं दुसरं टोक, ४० अंशांवर असेल तर त्याचे १.६१२ वजा होतात आणि इंडिकेटरला ३३.७०१ च मिळतात, म्हणजे जेमतेम ८१० अंश. म्हणून टर्मिनलला खेटून एक छोटा सेन्सर असतो. तो तिथलं तापमान मोजतो आणि तेवढे मिलिव्होल्ट परत मिळवले जातात. हेच कोल्ड जंक्शन कॉम्पेन्सेशन. मिळवायचे ते मिलिव्होल्ट, अंश नव्हेत. के टाइपमध्ये अंश मिळवले तरी फारसं बिघडत नाही, म्हणून ही सवय लागते. प्लॅटिनमच्या एस टाइपला १००० अंशांवर तोच हिशेब केलात तर वीसेक अंशांनी फसाल.

एका कारखान्यात हार्डनिंगचे जॉब सारखे रिजेक्ट होत होते. तोडून पाहिलं की पोलादाचा दाणा जाड, म्हणजे जास्त तापल्याची खूण. थर्मोकपल बदलून झालं होतं. पॅनेलवर मिलिव्होल्ट देऊन पाहिले तर इंडिकेटर अगदी बरोबर. मी भट्टीपाशी जाऊन थर्मोकपलच्या हेडला, म्हणजे भट्टीबाहेरच्या जोडणीच्या डबीला, हात लावला, तर चटका बसला. झाकण उघडलं, आत साधी तांब्याची वायर! केबल बदलताना कुणीतरी कॉम्पेन्सेटिंग केबलऐवजी (थर्मोकपलच्या तारांसारखीच वागणारी, दुसरं टोक पॅनेलपर्यंत नेणारी केबल) ती ओढली होती. दोन्ही बाजूंना तांबंच, त्यामुळे वाटेत काही भर पडत नव्हती. खरं दुसरं टोक हेडमध्येच राहिलं होतं, ८५ अंशांवर. इंडिकेटर मिळवत होता पॅनेलचे ३५. आकडा ८५० दिसे तेव्हा भट्टी ९०० च्या आसपास असे. पॅनेलवर कितीही तपासलं असतं तरी हे सापडलं नसतं. मला सापडलं, कारण सरांचा प्रश्न डोक्यात पक्का होता. त्याचं श्रेय त्यांचंच.

आता हाताखालच्या मुलांना मी हेडपासूनच सुरुवात करायला लावतो. मग पॅनेलवर येऊन टर्मिनल तारेच्या तुकड्याने शॉर्ट करायची. इंडिकेटरने टर्मिनलचं तापमान दाखवलं पाहिजे. शेजारी थर्मामीटर धरून ते पडताळायचं, आणि तेही पॅनेलचं दार लावून तासभर चालल्यावर. दार उघडं असताना जुळलेला आकडा आत ट्रान्सफॉर्मर तापल्यावर जुळेलच असं नाही.