रुळांपलीकडच्या शिवाजीनगरात पायी कसं जायचं?

जळगावात शिवाजीनगर रुळांच्या एका अंगाला, मुख्य बाजारपेठ दुसऱ्या अंगाला. ब्रिटिशकालीन पूल पाडून नवा उड्डाणपूल झाला, गाड्यांची सोय झाली. पायी जाणाऱ्याचं गणित मात्र वेगळं असतं.

विजेच्या तारांवरून जायचं तर पुलावरचा रस्ता रुळांपासून साधारण 8 मीटर उंच न्यावा लागतो. 1:30 चढ (दर 30 मीटरला 1 मीटर उंची) धरला तर एका बाजूलाच 240 मीटर चाल, तीही मे महिन्याच्या 45 अंशांत, सावलीशिवाय. जिन्याचा पादचारी पूल केला, तर 15 सेंटिमीटरच्या पन्नासेक पायऱ्या. भाजीची पिशवी आणि कडेवर लेकरू घेतलेली बाई त्या चढणार नाही, सरळ रूळ ओलांडेल. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड होऊ शकतो; तरी ही पायवाट मोडत नाही, कारण तीच सर्वांत जवळची.

अशा जागी पायी बोगदाच हवा. माणसाला अडीच मीटर उंची पुरते. स्लॅब आणि खडी धरून चारेक मीटर खाली उतरायचं, म्हणजे 1:12 उतार 48 मीटरांचा, अधूनमधून सपाट टप्पे वेगळे. आरसीसीची पेटी जॅकने रुळांखाली ढकलता येते. गाड्या वेग कमी करून चालू राहतात.

बोगदा बिघडतो तो पाण्याने. खान्देशची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पेटीचे सांधे नीट बुजवले नाहीत तर पाणी झिरपतं. तोंडाशी रस्त्यापेक्षा 30 सेंटिमीटर उंचवटा द्यावा, उताराच्या तळाशी आडवं जाळीचं गटार, पुढे खड्डा आणि दोन पंप: एक चालता, एक राखीव. वीज नेमकी मुसळधार पावसातच जाते, म्हणून जनरेटर हवाच. आणि बोगदा सरळ हवा. तोंडाशी उभं राहिल्यावर दुसरं टोक दिसलं नाही, तर रात्री बायका तिथून जाणार नाहीत.

पुढचा फूटपाथ इंडियन रोड काँग्रेसच्या निकषाप्रमाणे किमान 1.8 मीटर मोकळा असावा. मोजताना टेप विजेची डीपी (रस्त्याकडेची वीजपेटी), खांब आणि दुकानाच्या पायऱ्या सोडून धरायची. उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर म्हातारी माणसं रस्त्यानेच चालतात. कडेने कडुनिंब लावावेत.

बसचा थांबा बोगद्याच्या तोंडाशीच, छतासह. 6 किलोमीटरची फेरी, ताशी 12 चा वेग, वर 6 मिनिटांचा थांबा: 36 मिनिटं. चार मिडीबस (मध्यम आकाराच्या बस) लावल्या की दर 9 मिनिटांनी बस मिळते. दोनच लावल्या तर 18 मिनिटं, आणि तोवर प्रवासी शेअर रिक्षात बसलेला असतो.