ग्लॅमर म्हणे!

गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर पहाटे साडेपाचला स्विमवेअरचं शूट, वारा गार आणि मेकअपवाली ताई माझ्या पाठीला चिकटलेली वाळू ब्रशने झाडतेय, हेच ते ग्लॅमर! ऊन डोक्यावर आलं की डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात म्हणून ही घाई. तेवढ्यात घरून आईचा फोन, "चहा घेतलास गो?"

मधु सप्रे 1992 ला मिस इंडिया, दीपिका 2006 च्या किंगफिशरच्या स्विमसूट कॅलेंडरमध्ये, हे सगळ्यांना पाठ. आमच्यासारख्या साध्या मॉडेल्सच्या वाट्याला कॅटलॉग, साड्या, हॉटेलच्या जाहिराती आणि पेमेंट दोन-तीन महिन्यांनी. सुरुवातीला एका एजन्सीने पोर्टफोलिओचे पैसे घेतले नि नंतर फोनच उचलेना. आता फोटो कुठे, किती वर्षं वापरणार हे करारात लिहिल्याशिवाय मी सही करत नाही. सोमवारी परत मोरजी, यावेळी शाल नेतेय.