एमके६८ म्हणजे नक्की कुठे? प्रयोगासाठी लोकेटर निवडताना

शनिवारवाडा ते सीएसएमटी हे सरळ रेषेतलं अंतर साधारण ११७ किलोमीटर. पण हॅम म्हणजे हौशी रेडिओवर जागा कळवायला वापरतात तो चार अक्षरी लोकेटर (अक्षरं आणि आकडे मिळून बनलेलं, नकाशावरच्या चौकोनाचं नाव) काढला, तर दोन्ही ठिकाणांचं उत्तर एकच: एमके६८. म्हणजे १४४ मेगाहर्ट्झवर पुणे-मुंबई संपर्क जमवला आणि दोघांनी चारच अक्षरं पाठवली, तर त्यावरून काढलेलं अंतर येतं शून्य. उलट सीएसएमटीहून नुसतं दादरला गेलं, तरी चौकोन बदलून एमके६९ होतो, कारण १९ अंशांचं अक्षवृत्त लोअर परळ आणि प्रभादेवीच्या मधून जातं. नाशिकमध्ये तर अक्षरही बदलतं. नाशिकरोड स्टेशन एमके६९मध्ये, रामकुंड एमएल६०मध्ये.

लोकेटरची ही मेडनहेड पद्धत यामुळे वाईट ठरत नाही. इंग्लंडमधल्या मेडनहेड गावी १९८० साली युरोपातल्या व्हीएचएफ (३० ते ३०० मेगाहर्ट्झ) मंडळींनी ती स्वीकारली, ती मुळात मोर्सवर आणि आवाजावर पटकन सांगता यावी म्हणून. किती अक्षरं पाठवायची हे मात्र प्रयोग पाहून ठरवावं लागतं.

एकदा हातानं गणित करून पाहा, मग सॉफ्टवेअरच्या चुका चटकन ओळखू येतात. शनिवारवाडा: अक्षांश १८.५१९५, रेखांश ७३.८५५३. रेखांश आधी घ्यायचा. त्यात १८० मिळवा, २५३.८५५३. भागिले २०, पूर्णांक १२. ए म्हणजे शून्य, म्हणून एम. बाकी १३.८५५३, भागिले २, पूर्णांक ६. बाकी १.८५५३, गुणिले १२, पूर्णांक २२, म्हणजे डब्ल्यू. अक्षांशात ९० मिळवा, १०८.५१९५. भागिले १०, पूर्णांक १०, के. बाकीचा पूर्णांक ८. उरलेलं ०.५१९५ गुणिले २४, पूर्णांक १२, एम. एकाआड एक मांडलं की एमके६८डब्ल्यूएम. पुढची जोडी पुन्हा दहा भागांची, तिच्या पुढची चोवीस भागांची.

पुण्याच्या अक्षांशावर चार अक्षरी चौकोन सुमारे २११ बाय १११ किलोमीटरचा, सहा अक्षरी ८.८ बाय ४.६ किलोमीटरचा, आठ अक्षरी ८८० बाय ४६० मीटरचा आणि दहा अक्षरी ३७ बाय १९ मीटरचा. सॉफ्टवेअर चौकोनाचा मध्य धरतं, त्यामुळे कमाल चूक म्हणजे अर्धा कर्ण: चार अक्षरांना ११९ किलोमीटर, सहाला ५, आठला अर्धा.

आता ही चूक तुमच्या मार्गाच्या लांबीशी ताडून पाहा. एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) ८००० किलोमीटरच्या प्रवासात ११९ किलोमीटरनं फारसं बिघडत नाही. १० गिगाहर्ट्झवर ६० सेंटीमीटरची डिश मात्र जेमतेम साडेतीन अंशांचा झोत टाकते. समोरचा ३० किलोमीटरवर असेल आणि त्याचा सहा अक्षरी लोकेटर ५ किलोमीटरनं चुकत असेल, तर दिशा नऊ अंशांपेक्षा जास्त हुकू शकते. मग डिश हलवत तास जातो आणि दोष ट्रान्सव्हर्टरला (रेडिओची फ्रिक्वेन्सी वरच्या पट्ट्यात नेणाऱ्या यंत्राला) मिळतो. मायक्रोवेव्हला आठ अक्षरं किमान, कमी अंतराला दहा.

व्हिस्परमध्ये (अगदी क्षीण सिग्नलसाठीच्या डब्ल्यूएसपीआर या डिजिटल पद्धतीत) चार अक्षरं का, याचं उत्तर बिटांत आहे. १८ गुणिले १८ गुणिले १०० म्हणजे ३२,४०० चौकोन, आणि १५ बिटांत ३२,७६८ किमती मावतात. इतकं चपखल बसल्यावर पाचव्या अक्षराला जागा कुठली? सहा अक्षरं हवी असतील तर दुसरा संदेश पाठवावा लागतो, आणि त्यात कॉलसाइनच्या (स्टेशनच्या ओळखनावाच्या) जागी तिचा हॅश, म्हणजे तिच्यावरून काढलेला आखूड आकडा जातो. सिग्नल काठावर असताना ज्याला फक्त दुसरा संदेश मिळाला, त्याला कॉलसाइन कळतच नाही. साध्या बीकनला (एकाच जागेवरून ठरावीक वेळानं सिग्नल पाठवणाऱ्या स्टेशनला) हा व्याप करू नये. फुग्यासाठी मात्र तो करण्यासारखा आहे. (एफटी८ या दुसऱ्या डिजिटल पद्धतीत निरोपाचा आरआर७३ हाही खरा लोकेटर आहे. तो आर्क्टिक महासागरात पडतो, म्हणून चालून जातं.)

एपीआरएसमध्ये (स्टेशनची जागा रेडिओवरून नकाशावर दाखवणाऱ्या पद्धतीत) लोकेटरऐवजी अंश आणि मिनिटं वापरलेली बरी. शनिवारवाडा तिथे १८३१.१७ उत्तर, ०७३५१.३२ पूर्व असा लिहितात. नेहमीची चूक म्हणजे दशांश अंश तसेच टाकणे: १८.५१९५चं १८५१.९५ केलं की स्टेशन सुमारे अडतीस किलोमीटर उत्तरेला जातं. मिनिटांच्या जागी ६० किंवा त्याहून मोठा आकडा दिसला, तर हीच चूक समजा.

दुसरी चूक अदलाबदलीची. नकाशाचं ॲप अक्षांश आधी देतं, लोकेटर रेखांश आधी मागतो. उलटं भरलं तर पुणं जेक्यू९३मध्ये, नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात. तिसरी, आधी आकडे छाटण्याची. पणजी जवळजवळ १५.५ अंशांच्या रेषेवर वसली आहे. १५.४९८चे १५.५० केले की सहावं अक्षर एलचं एम होतं. सगळे दशांश ठेवून गणित करा आणि पूर्णांक घेताना वर ढकलू नका. आवाजावर सांगताना माइक, किलो म्हणा; एमचा एन ऐकू गेला की एमके६८चं स्टेशन बंगालच्या उपसागरात.

टपाल खात्याचा डिजिपिन हा डिजिटल पत्ता दहा चिन्हांत सुमारे चार मीटरचा चौकोन देतो. आपत्तीच्या वेळी रुग्णवाहिकेला पत्ता द्यायला तो उत्तम, पण भारताच्या चौकटीबाहेर चालत नाही, म्हणून परदेशी स्टेशनांबरोबरच्या प्रयोगात उपयोग नाही. इंग्रजी शब्दांवर चालणाऱ्या पद्धती गोंगाटाच्या एसएसबीवर (आवाजाच्या संपर्कावर) मला अजिबात भरवशाच्या वाटत नाहीत. एक अनेकवचनी एस हरवला की वेगळंच ठिकाण.

माझ्या मते लॉगमध्ये मूळ नोंद एकच असावी: डब्ल्यूजीएस८४ (जीपीएस वापरतं तो संदर्भ) दशांश अंश, पाच दशांशांपर्यंत, म्हणजे सुमारे एक मीटर. लोकेटर, मिनिटं, डिजिपिन त्यातूनच काढावेत. आखूड लोकेटरवरून मूळ जागा परत मिळत नाही. जुन्या टोपोशीटवरचे (सर्वेक्षण नकाशांवरचे) आकडे एव्हरेस्ट या वेगळ्या संदर्भाचे असतात आणि आपल्याकडे हा फरक शंभर मीटरच्या घरात जातो. आठ अक्षरांना तो सहसा जाणवत नाही, दहांना नक्की जाणवतो. उंची लिहिताना ती समुद्रसपाटीपासूनची आहे ना, हे बघा. काही फोन-ॲप लंबगोलापासूनची (पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची) उंची दाखवतात, आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तीत साठ-सत्तर मीटरची तूट येते. गिरगाव चौपाटीवर उभं राहून ॲप उणे साठच्या आसपास दाखवत असेल, तर त्या आकड्यावरून डोंगराचा छेद (मार्गातल्या चढ-उतारांचा आलेख) काढू नका.