120 महिने

लॉ क्लर्क झालो तेव्हा पुण्याच्या मावशीने फोनवर आईला विचारलं होतं, एवढं शिकून शेवटी कारकूनच का गं? कारकून नाही हो मावशी, जजच्या हाताखाली राबायचं, केसेस वाचायच्या, मेमो लिहून द्यायचे. 2014 ची गोष्ट, अमेरिकेतल्या नेवार्कचं फेडरल, म्हणजे केंद्राचं कोर्ट. चेंबरमधलं बोलणं बाहेर सांगायचं नसतं, त्यामुळे भर कोर्टात घडलं तेवढंच सांगतो.

फेडरल डिस्ट्रिक्ट जजला नेमतात राष्ट्राध्यक्ष, मंजुरी सिनेटची, आणि मग तहहयात खुर्ची, पगारसुद्धा कुणाला कमी करता येत नाही. मला वाटायचं यांना कोण अडवणार.

त्या दिवशी एका पोराला शिक्षा सुनवायची होती. पाच किलोच्या वर कोकेन व्हॅनमधून पोचवताना सापडलेला, माल त्याचा नाही, धंदा त्याचा नाही, नुसता हमाल, गुन्हा कबूल. शिक्षेचं एक कोष्टक असतं, उभ्या बाजूला गुन्ह्याच्या 43 पातळ्या, आडव्या बाजूला जुन्या गुन्ह्यांच्या रेकॉर्डच्या 6 कॅटेगरी, बोट फिरवत चौकोन गाठायचा. याचा चौकोन 63 ते 78 महिने, आणि सुप्रीम कोर्टाच्या 2005 च्या बूकर निकालापासून तोही जजवर बंधनकारक नाही. पण पाच किलोला काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायद्यातच किमान 10 वर्षं लिहून ठेवलीयत. यातून सुटायला सेफ्टी व्हॉल्व्ह नावाची एक वाट आहे, पण तेव्हा रेकॉर्डचा फक्त एक पॉइंट चालायचा आणि याचे दोन, दुकानातल्या किरकोळ चोऱ्यांचे. एका पॉइंटपायी कमीत कमी साडेतीन वर्षं जास्त!

हे सगळं मी मेमोत व्यवस्थित मांडलं होतं, आदल्या रात्री स्वतःवरच खूश होतो.

जजबाईंनी त्याला विचारलं, काही बोलायचंय का (विचारावंच लागतं, नियम आहे). त्याने खिशातून कागद काढला, उघडलाच नाही, म्हणाला, युवर ऑनर, मी घरी कधी जाईन तेवढं सांगा.

बाईंनी मेमो चाळला. त्यात ते नव्हतंच. फेडरलमध्ये पॅरोल (शिक्षा संपायच्या आधी अटींवर सुटका) 1987 नंतरच्या गुन्ह्यांना नाही, तेव्हा चांगलं वागलात तर वर्षाला साधारण 47 दिवस सूट मिळायची, बास. बाईंनी मेमो उलटा केला आणि भर कोर्टात पेन्सिलीने हिशोब मांडला, सगळे गप्प, सरकारी वकीलसुद्धा खाली बघत होता. आत काढलेले 14 महिने वजा करून म्हणाल्या, अंदाजे अजून साडेसात वर्षं, नक्की तुरुंग खातं ठरवेल. मग 120 महिने सुनावले. माझ्या हातात असतं तर इतकी दिली नसती, हेही रेकॉर्डवर म्हणाल्या.

मागच्या बाकावर त्याची आई बोटांवर काहीतरी मोजत होती. अकराला पुढची केस.

संध्याकाळी मेमो माझ्या टेबलावर परत आला. मागच्या पानावर तो हिशोब, एकदा हातचा चुकलेला, खोडून परत केलेला.