एक पेटी फोर्ट वेनची, एक आत्याची

पहिली तबकडी लावली आणि गाणाऱ्या बाईंचा आवाज एकदम जड, घोगरा झाला. ख्याल विलंबित होता हे खरं, पण हा विलंबिताच्याही पलीकडे चालला होता. समोर आत्या बसली होती. वय ऐंशीच्या पुढे, तबकडी तिचीच. तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "अरे, यांना झोप आलीय का?"

मी इलेक्ट्रिकल इंजिनीअर आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना किती हसायचं ते तुम्हाला ठरवता येईल.

ती तबकडी ज्या पेटीवर वाजत होती ती अमेरिकेतली. इंडियाना राज्यात फोर्ट वेन नावाचं गाव आहे, तिथे मी अकरा वर्षं नोकरी केली. मॅग्नवॉक्स कंपनीचा कारखाना याच गावात होता. एके काळी अमेरिकेतल्या दिवाणखान्यात साइडबोर्डसारखी दिसणारी लांबलचक लाकडी पेटी असायची. झाकण उचललं की एका बाजूला रेडिओ आणि दुसऱ्या बाजूला चेंजर, म्हणजे एकामागून एक तबकड्या आपोआप लावणारं यंत्र, खाली जाळीच्या कापडामागे मोठाले स्पीकर. ते याच कंपनीचं नाव झालेलं काम. १९७४ मध्ये फिलिप्सने कंपनी विकत घेतली, आणि पेट्यांचे दिवस तोवर सरतच आले होते. आता म्हातारी माणसं गेली की मुलं घरातलं सामान विकायला काढतात, त्यात अशी पेटी हमखास असते आणि कुणालाच ती नको असते. मला ४० डॉलरला मिळाली. उचलायला चौघे लागले.

तिकडचे हौशी लोक या पेट्या घेतात ते बहुतेक वेळा आतला अॅम्प्लिफायर काढून घेण्यासाठी. चार ६बीक्यू५ व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्यांचा) स्टिरिओ अॅम्प्लिफायर, त्याला गिटारवाल्यांत मागणी. लाकूड मग रस्त्याच्या कडेला. मला ही चक्क खाटकाची कामं वाटतात. पेटीचा आवाज पेटीत असतो. दोन १२ इंची वूफर आणि दोन हॉर्न त्या लाकडाचा हिशेब धरून बसवलेले असतात. अॅम्प्लिफायर तेवढा काढून शेल्फवर ठेवायचा म्हणजे तंबोऱ्याचा भोपळा फेकून तारा घरी आणण्यासारखं आहे.

माझा जीव या वस्तूवर का, तर साताऱ्याला आमच्या शेजारच्या डॉक्टरांकडे ग्रुंडिगचा रेडिओग्राम, म्हणजे रेडिओ आणि तबकड्यांचं यंत्र एकाच पेटीत, होता. आम्ही पोरं उंबऱ्याशी उभी राहून त्याचा हिरवा डोळा मिटताना-उघडताना बघायचो. स्टेशन नीट लागलं की डोळा मिटत यायचा. एका पावसाळ्यात त्याचा आवाज बारीक होत होत गेला आणि परत आलाच नाही. खूप वर्षांनी कळलं की त्या काळच्या कितीतरी पिकअपमध्ये (सुई बसते त्या भागात) रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा स्फटिक असे आणि दमट हवेत तो ओलावा पिऊन निकामी होई. साताऱ्याच्या पावसापुढे त्याचा काय निभाव लागणार!

तर परत यायचं ठरलं तेव्हा पेटी कंटेनरमध्ये घातली. चेंजरचे वाहतुकीचे स्क्रू आवळले, टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, सुतळीने बांधला, व्हॉल्व्ह काढून जुन्या मोज्यांत गुंडाळले. पुण्यात पोचली तेव्हा व्हीनियरचा (वरच्या पातळ लाकडी थराचा) एक कोपरा उडालेला होता, बाकी ठणठणीत. कोपरा सुताराने भरला आणि लाखेचं पॉलिश मारलं. जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्याही लाखेच्याच, त्यामुळे तो वास आल्यावर आत्या म्हणाली, "बाबांच्या खोलीचा वास."

आता कामाचं. कुणाच्या घरी अशी पेटी पडून असेल तर कृपा करून ती थेट प्लगमध्ये खुपसू नका. आतले कागदी कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे भाग, साठ वर्षांत गळके झालेले असतात. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचा कंडेन्सर गळका निघाला तर व्हॉल्व्ह लाल होतो आणि जाताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. व्हॉल्व्ह मिळतो, तो ट्रान्सफॉर्मर मिळत नाही. आणि तीनशे व्होल्ट प्लग काढल्यावरही कंडेन्सरात दबा धरून बसतात, तेव्हा आधी रेझिस्टर लावून ते रिकामे करायचे आणि एक हात खिशात ठेवायचा. हे मला बुधवार पेठेतल्या एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी शिकवलं. इंजिनीअरिंग कॉलेजात खिशातल्या हातावर धडा नव्हता.

काकांची पद्धत म्हणजे सिरीज बोर्ड. पेटीच्या ओळीत १०० वॉटचा पिवळा बल्ब. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, पेटताच राहिला तर आत शॉर्ट. माझा पेटताच राहिला. १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब शोधायलाच दोन दिवस गेले होते, आणि तो असा लख्ख पेटून मला वाकुल्या दाखवत होता. फिल्टर कंडेन्सर मेला होता. डबा जागच्या जागी ठेवून खाली नवे ४५० व्होल्टचे बसवले, सगळे कागदी कंडेन्सर बदलले, तापकीर गल्लीत एका दिवसात सगळं सामान मिळालं. एक ६बीक्यू५ अशक्त निघाला. काकांनी कपाटातून खोकं काढलं, वर बीईएल (भारत इलेक्ट्रॉनिक्स), बेंगळुरू. "ईएल८४ म्हणजे तोच. नाव युरोपातलं, पिना त्याच." चारही बदलले. अमेरिकन पेटी आता बेंगळुरूच्या व्हॉल्व्हवर गाते.

चेंजर इंग्लंडच्या कोलॅरो कंपनीचा. त्यातल्या ग्रीसचं मेण झालं होतं. ते स्पिरिटने खरवडण्यात तीन रविवार गेले, सांगण्यासारखं त्यात काही नाही.

व्होल्टेजसाठी २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर आणला. रेडिओ लगेच लागला, १०१ वर विविध भारती. एफएम आहे पण मोनो. अमेरिकेत स्टिरिओ एफएमला परवानगी मिळाली १९६१ मध्ये, ही पेटी त्याच्या आधीची. मी खूश. मग आत्याला बोलावलं आणि तिची तबकडी लावली.

"झोप आलीय का" म्हटल्यावर मला राग आला. मी पुरावा काढला. अमेरिकेतून आणलेला स्ट्रोबोस्कोपचा कागद, त्यावर गोल २१६ रेघा. तबकडीवर ठेवायचा, फिरवायचा, वर ट्यूबलाइट. वेग बरोबर असेल तर रेघा जागीच उभ्या दिसतात. स्वयंपाकघरात विजेबरोबर लुकलुकणारी चोकवाली जुनी ट्यूब होती, तिच्याखाली चेंजर धरला. रेघा जवळजवळ स्थिर.

"बघ आत्या. वेग बरोबर आहे."

"रेघा बरोबर असतील. बाई खाली गातायत."

"तुला इतक्या वर्षांनी तसं वाटतंय."

हे बोलायला नको होतं. ती उठली, आत गेली आणि पेटी घेऊन आली, म्हणजे हार्मोनियम. याच तबकडीबरोबर गाऊन तिने अर्धं आयुष्य रियाज केलेला. भाता मारला आणि सूर धरला. "या काळी चार पट्टीमध्ये गातात. इथे बघ, पांढरी चार. त्याच्याही केसभर खालीच." मग तंबोरा मिळवल्यासारखी मान कलती करून ऐकत राहिली. "तुझ्या बाईंचा सा धरला, तर खरा सा कोमल गंधारावर येतो. नीट कोमल गंधार, पेटीत असतो तो नव्हे. तंबोऱ्यावर लागतो तो."

रात्री दोन वाजता मी उठून बसलो. नीट कोमल गंधार म्हणजे साशी कंपनांचं प्रमाण ६:५. अमेरिकेची वीज सेकंदाला ६० सायकलची, आपली ५०. साठ भागिले पन्नास, ६:५.

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, सायकल बदलत नाही, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. मोटर विजेच्या सायकलवर फिरते, म्हणून मिनिटाचे ३३⅓ फेरे २७.८ वर आले होते. आणि माझा पुरावा? कागद ६० सायकलच्या दिव्यासाठी छापलेला. मोटर सहाऐवजी पाच झाली तशीच ट्यूबचीही लुकलुक सहाऐवजी पाच झाली. दोघंही सारखेच मागे पडले होते आणि एकमेकांना बरोबर म्हणत होते. ५० सायकलला रेघा लागतात १८०. सकाळी आत्याला सांगितलं. ती चहा गाळत होती. म्हणाली, "मी कालच सांगितलं."

एका मित्राने सुचवलं, ६० सायकलचा इन्व्हर्टर बनव. ते मला पटलं नाही, रेडिओ नीट चालत असताना सगळ्या पेटीला सलाइन कशाला? मोटरच्या दांड्यावर पायऱ्यापायऱ्यांची कप्पी असते, तिला रबरी चाक घासतं आणि चाक तबकडीचं टेबल फिरवतं. मोटर मंद तर कप्पी १.२ पट जाड करायची. माझ्या व्हर्नियरवर ३३ ची पायरी ४.६ मिलिमीटर होती, म्हणजे ५.५ हवी. भोसरीतल्या एका लेथवाल्याकडे पितळी तुकडा घेऊन गेलो. त्यांच्याकडे मनगटाएवढे बुश होत होते. माझी कप्पी त्यांनी बोटावर घेतली आणि म्हणाले, "साहेब, हे घड्याळजीचं काम."

पहिली कप्पी ५.६ ची झाली. एक दशांश मिलिमीटर म्हटलं तर काहीच नाही, पण वेगात पावणेदोन टक्के, शिवाय भोक मधोमध नसल्यामुळे सूर डोलत होता. आत्याने एका आलापात निकाल दिला. "आता घाई झालीय. आणि यांना कंप कुठून आला?" दुसऱ्या खेपेला लेथवाले स्वतःच इरेला पेटले. तुकडा चकमधून न काढता भोक आणि बाहेरच्या पायऱ्या एकाच सेटिंगमध्ये कापल्या. पैसे पहिल्याच कामाचे घेतले.

मी १८० रेघांचा कागद छापला, दर दोन अंशांवर एक. चोकच्या ट्यूबखाली धरला, रेघा उभ्या राहिल्या. तरी आत्याला बोलावलं. यावेळी पेटी तिने आधीच काढून ठेवली होती. तबकडी लागली, पहिला षड्ज आला, तिने काळी चार दाबली आणि दाबूनच ठेवली. दोन्ही सूर एकमेकांत असे मिसळले की भाता थांबला तेव्हाच कळलं ती कधी थांबली ते. मग ती हलक्या आवाजात गायला लागली. मी स्वयंपाकघरात जाऊन ट्यूब बंद केली.

७८ ची पायरी अजून बाकी आहे. ती इतकी जाड झाली की रबरी चाकाला मागे सरायला जागाच उरत नाही, खटका कानशीने घासावा लागेल. आणि ७८ च्या तबकड्यांच्या जाड चरांना सुईही वेगळी लागते. आत्याने मात्र माळ्यावरून ट्रंक उतरवून घेतली आहे. बाबांच्या लाखेच्या तबकड्या, मध्ये वर्तमानपत्रं घातलेली. रोज विचारते, कानस आणलीस का?