मोठा पाय, चालायचे बूट आणि एक हट्टी फॉर्म : माझा अनुभव

बायकांच्या विभागातला माल बहुतेक ठिकाणी ४०-४१ ला संपतो. माझा नंबर युरोपियन मापात ४२. त्यामुळे दुकानात शिरून ‘हा माझ्या नंबरात आहे का’ असं विचारलं की पुढचे संवाद मला पाठ आहेत. विक्रेता आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग पायाकडे, मग आत जाऊन येतो आणि म्हणतो, ‘मॅडम, जेन्ट्समध्ये दाखवू?’ ४२ असलाच तर काळा नाहीतर मातकट, आणि इतका ओबडधोबड की चालायला जायचा उत्साहच मावळावा. पाय मोठा असला की बाईला रंग दिसायचे बंद होतात, असा कुणाचा तरी समज असावा. पण हे जुनं दुखणं आहे, त्यावर फार लिहीत बसत नाही. माझा राग आहे तो एका फॉर्मवर.

रोज तासभर चालायचं ठरवलं होतं आणि जुन्या बुटांचे सोल एका बाजूने झिजून पार तिरपे झाले होते. ऑनलाइन शोधताना एक जोड दिसला. वाइन रंग, पुढून गोल, वजनाला हलका, आणि मुख्य म्हणजे ४२ उपलब्ध. मागवला, वेळेत आला, पायात घातला. लांबीला अगदी चोख. अंगठ्यापुढे जवळपास सेंटिमीटरभर जागा, जशी असायला हवी तशी. पण चवड्यापाशी पाय असा आवळला गेला की थोड्याच वेळात करंगळी बधिर. म्हणजे बूट लहान नव्हता, अरुंद होता. ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि त्यांवरचे इलाजही वेगळे आहेत.

परत पाठवायचा फॉर्म उघडला. ‘परत करण्याचं कारण निवडा.’ खाली यादी: वस्तू खराब आहे. चुकीची वस्तू आली. रंग वेगळा आहे. लहान होतो. मोठा होतो. विचार बदलला. संपली यादी. वर-खाली करून पाहिली, ‘इतर’सुद्धा नाही. आणि कारण निवडल्याशिवाय पुढे जायचं बटण काही उजळत नाही. त्यातल्या त्यात जवळचं म्हणून ‘लहान होतो’ निवडलं, तर त्या पठ्ठ्याने मला न विचारता ४३ ची बदली लावून टाकली.

४३ आला. करंगळी दबायची ती दबतच होती, वर आता प्रत्येक पावलाला टाच उचलली जायला लागली. याचं कारण साधं आहे. युरोपियन मापात एक नंबर वाढला की बूट दोन तृतीयांश सेंटिमीटरने, म्हणजे साधारण ६.७ मिलिमीटरने लांब होतो. रुंदी त्यामानाने अगदीच थोडी वाढते. शिवाय बुटाची वाकायची जागाही पुढे सरकते. चालताना आपलं पाऊल चवड्याच्या सांध्यांत वाकतं, बुटाची घडी त्याच रेषेत पडली पाहिजे. ४३ मध्ये ती घडी नेमकी माझ्या बोटांवर पडत होती, म्हणजे प्रत्येक पावलाला वरून एक चिमटा. जुन्या पद्धतीच्या दुकानांत पाय मोजायचं एक धातूचं उपकरण असतं, त्याला ब्रॅनॉक उपकरण म्हणतात. चार्ल्स ब्रॅनॉक यांनी ते १९२० च्या दशकात अमेरिकेत तयार केलं. त्यावर तीन मापं घेतात: टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंत, टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंत, आणि रुंदी. सरकत्या पट्टीच्या त्या साध्या उपकरणाला जे कळत होतं, ते या फॉर्मच्या गावीही नव्हतं.

आता ४३ परत करायचा. ‘मोठा होतो’ निवडलं की ४२ येणार, हे दिसतच होतं. नुसते पैसे परत मागायची सोय कुठे सापडेना, म्हणून चॅटवर गेले. आधी यंत्र बोललं, त्यानेही ‘लहान की मोठा’ एवढंच विचारलं. मग माणूस आला.

‘मॅडम, ४२ लहान होत असेल तर ४३ घेऊन बघा.’

‘४३ च परत करतेय. तो लांब होतो.’

‘मग ४२ घ्या ना.’

‘तो अरुंद होतो.’

‘म्हणजे लहानच ना?’

‘लांबीला बरोबर आहे हो. रुंदीला कमी पडतो.’

बराच वेळ नुसते तीन ठिपके हलत राहिले. मग आलं: ‘बुटात दोष आहे असं नोंदवू का?’

म्हटलं, नोंदवा बाबा. तर दोषाचे फोटो हवेत. अरुंदपणाचा फोटो काढायचा कसा? ४२ अजून माझ्याकडेच होता, दोन्ही जोड एकदमच न्यायला येणार होते. त्यातला इनसोल, म्हणजे तळव्याखालची सुटी गादी, बाहेर काढला, जमिनीवर ठेवला, टाच मागच्या कडेला नीट जुळवली आणि पूर्ण वजन देऊन उभी राहिले. वरून फोटो. करंगळी अख्खी इनसोलच्या बाहेर, सरळ फरशीवर. तिच्यामागचं हाडही अर्धं बाहेर. अंगठ्याच्या बुडाशी माझ्या पायाला थोडी गाठ आहे, ती दुसऱ्या बाजूने कडेवरून ओघळलेली. सगळी तक्रार त्या एका फोटोत होती. या मनस्तापातून काही कमावलं असेल तर ही युक्ती. आता दुकानातही मी आधी इनसोल काढून त्यावर उभी राहते आणि मगच लेस सोडायचे कष्ट घेते. इनसोल चिकटवलेला असेल तर घरून पावलाची आखणी केलेला कागद न्यायचा आणि बुटाच्या तळाला लावून बघायचा. तळ आतल्या जागेपेक्षा सहसा थोडा रुंदच असतो. तरीही रेघ बाहेर जात असेल तर बूट पायात घालून बघायचीसुद्धा गरज नाही.

फोटोला उत्तर आलं: ‘तपासणीत वस्तू ठरलेल्या मापाप्रमाणे आढळली. दोष नाही.’ त्यांचंही खरंच होतं. बूट त्याच्या मापाप्रमाणे होता, पाय माझ्या मापाप्रमाणे होता, आणि या दोघांमधलं भांडण कुणाच्याच खात्यात येत नव्हतं. माझी विनंती ‘प्रक्रियेत आहे’ या पाटीखाली जाऊन बसली. परत करायची मुदत मात्र रोज इमानेइतबारे कमी होत होती. मी खोकं, आतला कागद, टॅग सगळं जिवापाड जपत होते. (हे कराच. नवीन बूट घरात सतरंजीवरच घालून फिरायचे, टॅग लेसला तसाच राहू द्यायचा. सोलला एक डाग दिसला की ‘वापरलेली वस्तू’ म्हणून मोकळे होतात.)

शेवटी फोनवर एक बाई भेटल्या आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो असा: ‘विड्थ कोणती आहे? खोक्यावर नंबराशेजारी अक्षर असेल बघा.’ खोकं फिरवलं. कोपऱ्यात, बारकोडच्या वर, डोळे बारीक करून वाचावं लागेल एवढं ‘बी’.

हे अक्षर मोठ्या पायाच्या प्रत्येक बाईला माहीत हवं. अमेरिकन पद्धतीत बायकांच्या बुटाची नेहमीची रुंदी ‘बी’, अरुंद ‘टू-ए’, रुंद ‘डी’ आणि जास्त रुंद ‘टू-ई’. पुरुषांची नेहमीची रुंदीच मुळी ‘डी’. अक्षर दिलेलंच नसेल तर नेहमीची रुंदी समजायची, म्हणजे बायकांच्या बुटाला ‘बी’. ऑनलाइन पानावर नंबर ठळक असतो, अक्षर मात्र कुठेतरी तळाशी, आणि पुष्कळदा नसतंच.

बाई पुढे म्हणाल्या, ‘हाच बूट डीमध्ये आहे. पण महिलांच्या वॉकिंगमध्ये तो तुम्हाला दिसणार नाही. पायांच्या तक्रारींच्या विभागात टाकलाय.’

माझ्या पायांची काही तक्रार नाही. तक्रार माझी आहे. तरी गेले त्या विभागात. बूट होता, ४२ होता, डी होता. रंग दोनच: काळा आणि मातकट. वाइन रंग फक्त अरुंद पायांसाठी.

पैसे परत मागितले. बाईंनी बोलता बोलता करून दिलं. कारण काय टाकलंत, असं विचारल्यावर हसून म्हणाल्या, ‘विचार बदलला.’

त्यानंतरचं काम भराभर झालं, कारण शोधायची दिशाच उलटी केली. आधी रुंदी, मग नंबर, मग रंग. न्यू बॅलन्स आणि ब्रूक्स यांच्यासारख्या कंपन्या बायकांचे काही बूट बी, डी, टू-ई अशा रुंदीत काढतात आणि तसं पानावर लिहितात. तिथे मला मोरपंखी रंगाचा डी मिळाला. पहिल्याच दिवशी घालून तासभर चालून आले आणि करंगळीची आठवणही झाली नाही. ज्या मैत्रिणीने ‘तुला काय, पुरुषांचे घे की’ म्हटलं होतं, तिला मुद्दाम फोटो पाठवला.

पुरुषांच्या बुटाला माझा तत्त्वतः विरोध नाही. अमेरिकन नंबरात दीड कमी केला की बायकांचा नंबर पुरुषांच्या नंबरात येतो, दहाचा साडेआठ, आणि रुंदी आपोआप डी. अडचण येते ती टाचेला. बूट ज्या फर्म्यावर चढवून शिवतात तो बायकांसाठी सहसा टाचेकडे निमुळता असतो, पुरुषांचा तिथेही रुंद. त्यामुळे पुढून सुख आणि मागून सटकासटक. त्यावर लेसचा उपाय आहे. घोट्याजवळ एक शेवटचं जादा भोक असतं, जे आपण कधीच वापरत नाही. दोन्ही बाजूंची लेस आपापल्या बाजूच्या त्या भोकात घालून छोटा फासा करायचा, मग उजवी लेस डाव्या फाशातून आणि डावी उजव्यातून ओढून गाठ मारायची. टाच जागच्या जागी बसते. आणि पायाचा वरचा भाग उंच असल्यामुळे तिथे लेस रुतत असेल तर त्या ठिकाणी लेस आडवी न नेता एक टप्पा सरळ वर न्यायची.

मोजायचं राहिलंच सांगायचं. संध्याकाळी मोजा, दिवसभरात पाय थोडे सुजतात. ज्या मोज्यांवर बूट घालणार तेच घाला. कागदावर उभं राहायचं, टाच भिंतीला, पेन्सिल सरळ उभी धरून दुसऱ्या कुणाकडून आखून घ्यायचं. स्वतः वाकून आखलं की वजन सरकतं आणि माप चुकतं. दोन्ही पाय आखायचे, मोठा असेल तो खरा. माझं पाऊल साडेसव्वीस सेंटिमीटर आहे, आणि नंबरापेक्षा हा आकडा जास्त कामाचा आहे, कारण नंबरांच्या तक्त्यांवर माझा आता विश्वास नाही. ब्रिटिश मापात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे साडेआठ मिलिमीटर. युरोपियन टप्पा ६.७ चा. दोन्ही पट्ट्या एकमेकींना जुळणारच नाहीत, मग प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने गोळाबेरीज करते. कुठे ४२ म्हणजे ८, कुठे साडेसात. खोक्यावर मिलिमीटर किंवा सेंटिमीटर छापलेलं असेल तर ते वाचावं. आणि जुन्या मापावर विसंबून राहू नये. वयाबरोबर पाऊल पसरतं, बाळंतपणानंतरही कित्येकींचा नंबर वाढतो आणि तसाच राहतो.

‘वापरून सैल होईल’ हे वाक्य ऐकलं की मी उठते. चामडं रुंदीला थोडं ताणतं, चांभाराकडून ताणूनही घेता येतं. सिंथेटिक फारसं ताणत नाही, आणि लांबीला कुठलाच बूट वाढत नाही.

दिसण्याबद्दल. पाय लहान दिसावा म्हणून सल्ले खूप असतात, त्यातले काही खरे आहेत. टोकदार पुढा पाय लांब दाखवतो, गोल पुढा आटोपशीर. गडद बुटाला पांढराशुभ्र जाड सोल असला की पायाची अख्खी किनार उठून दिसते. आडवी पट्टी किंवा रंगाचा जोड मध्ये आला की लांबी तुटते. मी यातलं गोल पुढा एवढंच घेतलं, तेही बोटांना जागा मिळते म्हणून. बाकी मोरपंखी रंगात लपण्यासारखं काही नाहीच.

सँडलचं अजून जमलेलं नाही. वेल्क्रोचे पट्टे सैल करता येतात, पण तळच अरुंद असला तर करंगळी बाहेर लटकते.

एक मात्र लगेच केलं. जमलेल्या बुटाचा दुसरा जोड घेतला. मॉडेलचं नाव तेच ठेवून नवी आवृत्ती आली की फर्मा बदललेला असू शकतो, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. फक्त तो दुसरा जोड कपाटात वर्षानुवर्षं जपून ठेवू नये, पॉलियुरेथेनचा (एक प्रकारचं प्लास्टिक) सोल असेल तर न वापरताही भुसभुशीत होऊन तुटतो. मी दोन्ही आलटूनपालटून घालते.