ई६ आणि ई७: पुरावा कसा उभा राहिला

ठाण्यातील ज्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत मी काम करते, तेथे गर्भाशयमुखाच्या बायोप्सीवर पी१६ ही चाचणी नेहमी होते. मेणात बसवलेल्या ऊतीच्या ब्लॉकमधून कापलेल्या पातळ पट्टीवर प्रतिपिंड (ठरावीक प्रथिनालाच चिकटणारे प्रथिन) टाकून रंग चढवला, की कर्करोगाच्या वाटेला लागलेल्या पेशी सलग तपकिरी दिसतात आणि शेजारच्या निरोगी पेशी फिकट निळ्या राहतात. पी१६ हे प्रथिन मात्र विषाणूचे नसून आपल्याच पेशीचे आहे. ते एवढे का वाढते, हे शोधत गेले की आपण गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूच्या ई७ या प्रथिनापाशी पोहोचतो.

जर्मन विषाणूशास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ मध्ये एचपीव्ही १६ आणि १९८४ मध्ये एचपीव्ही १८ या प्रकारांच्या विषाणूंचा डीएनए गर्भाशयमुखाच्या गाठींमध्ये दाखवला. परंतु गाठीत विषाणू सापडला, एवढ्यावरून गाठ त्यानेच निर्माण केली असे ठरत नाही. महत्त्वाचा धागा पुढे मिळाला: अशा बहुतेक गाठींमध्ये विषाणूचा डीएनए तुटून मानवी गुणसूत्रात शिरलेला असतो, त्याची काही जनुके या मोडतोडीत निकामी होतात, पण ई६ आणि ई७ ही जनुके शाबूत राहून त्याच नावांची प्रथिने तयार करीत राहतात.

ही प्रथिने पेशीत नेमके काय करतात, हे कळण्यासाठी त्यांना प्रतिपिंडाने धरून पेशीच्या द्रवातून ओढून काढले आणि त्यांना चिकटून आणखी काय येते ते पाहिले. १९८९ मध्ये ई७ आरबीला चिकटते, हे दिसले, आणि १९९० मध्ये ई६ व पी५३ यांचे तसेच नाते उघड झाले. ही दोन्ही पेशीच्या विभाजनाला लगाम घालणारी प्रथिने. ई६ पेशीतल्याच एका एन्झाइमला हाताशी धरून पी५३ चा नाश घडवून आणते, तर ई७ आरबीला निकामी करते. आरबीचा धाक गेला की पी१६ वाढते, पण त्याला विभाजन थांबवायचे ते आरबीमार्फतच, म्हणून ते वाढूनही उपयोगाचे नसते.

माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा याच्या उलट दिशेने आला. गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या आणि १९५१ पासून प्रयोगशाळांत वाढत आलेल्या हेला पेशींमध्ये एचपीव्ही १८ आहे आणि ई६-ई७ ला दाबून ठेवणारे ई२ हे जनुक त्यांत तुटलेले आहे. त्या पेशींना ई२ परत दिले, तेव्हा पी५३ आणि आरबी पुन्हा कामाला लागले आणि इतकी वर्षे न थांबलेले विभाजन थांबले.

कळवा, दिवा येथून रिपोर्ट न्यायला येणाऱ्या बायका विचारतात, की आता लस घेतली तर हे बरे होईल का. पुण्यात तयार होणाऱ्या लशीसह सध्याच्या लशी विषाणूच्या एल१ या बाह्य कवचाच्या प्रथिनावर बेतलेल्या आहेत, त्यामुळे त्या नवा संसर्ग रोखतात. गाठीच्या पेशी एल१ बहुधा बनवतच नाहीत. उपचारासाठीच्या लशींचे बरेचसे प्रयोग म्हणूनच ई६ आणि ई७ वर रोखलेले आहेत, कारण ही दोन प्रथिने बनवणे त्या पेशींना थांबवता येत नाही.